माणदेशातला मुका महिना

या प्रवासात मी एकही देऊळ पाहिले नाही, एकही गड चढलो नाही. सांगलीहून साताऱ्यास, तेथून कोरेगावमार्गे माण तालुक्यातील एका गावी आणि त्याच वाटेने परत, असा सहा दिवसांचा हा फेरा. आमच्याकडील माणसे काशी-रामेश्वर करून येतात, पण शंभर मैलांच्या आत असलेल्या माणदेशात कामाशिवाय कोणी पाऊल टाकीत नाही. मी गेलो तो कामासाठीच. त्या गावी नऊ वर्षांपूर्वी मी एकदा जाऊन आलो होतो आणि तेथे एक वाईट गोष्ट करून आलो होतो. ती निस्तरता येते का, हे पाहण्यासाठी पुन्हा गेलो. गावाचे नाव येथे देत नाही आणि माणसांची नावेही बदलली आहेत. त्याचे कारण वाचकांस पुढे कळेल.

सांगली

सव्वीस वर्षे मी खेड्यांतील पतपेढ्यांची दप्तरे तपासीत हिंडलो. पतपेढी म्हणजे गावकऱ्यांनी मिळून काढलेली, सरकारदरबारी नोंदलेली लहानशी बँक. तपासनिसाचा शेरा चांगला पडला तर ती चाले, वाईट पडला तर बंद होई. निवृत्त होऊन मला दोन वर्षे झाली होती. दुपारी झोपावे, संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर बसावे, असा क्रम चालला असता मार्गशीर्षात एक पत्र आले. लिहिणारे लष्करातून परतलेले एक हवालदार होते. गावात नवी पतपेढी निघते आहे, तीत या वेळी बायकांनाही सभासद करून घ्यायचे ठरले आहे. पण तानूबाई नावाच्या बाईचा अर्ज साताऱ्याच्या कचेरीने परत पाठविला, कारण जुन्या दप्तरात तिच्या नावापुढे 'अपहाराचा संशय' असा शेरा आहे. 'शेरा आपल्या सहीचा आहे,' हवालदारांनी लिहिले होते. 'गावच्या बाया म्हणतात, तानूबाई नाही तर आम्हीही नाही. संक्रांतीच्या आत अर्ज गेले नाहीत तर पेढी पुरुषांचीच होईल.'

पत्र वाचले आणि मला ती भिंत आठवली.

लढाई सुरू होण्याच्या आदल्या वर्षी त्या गावची जुनी पतपेढी तपासण्यास मी गेलो होतो. तेथे समजले की, अकरा बायकांनी आपसांत एक भिशी चालविली आहे. त्यांचे नवरे मुंबईस गिरणीत नाहीतर गोदीत. मनीऑर्डर आली की प्रत्येकीने एक रुपया तानूबाईकडे टाकायचा, आणि जमलेले अकरा रुपये चिठ्ठी निघेल तिने त्या महिन्यात उचलायचे. तानूबाईला अक्षरओळख नव्हती. तिने घराच्या आतल्या भिंतीवर अकरा घरे आखली होती. रुपया आला की त्या बाईच्या घरात गेरूचा ठिपका, आणि जिने रक्कम उचलली तिच्या घरात त्या महिन्याला कुंकवाचे बोट. मी ती भिंत कंदील धरून तपासली. एका महिन्यात अकरा ठिपके होते, पण कुंकवाचे बोट कोठेच नव्हते.

"या महिन्याची रक्कम कोठे गेली?" मी विचारले.

"दिली," तानूबाई म्हणाली.

"कोणाला?"

"ते सांगायचं न्हाई, सायेब. त्यो मुका म्हयना हाय."

बायकांची रीतच तशी होती. एखादीवर बोलता न येण्याजोगा प्रसंग आला तर तिने एकट्या तानूबाईला सांगायचे, चिठ्ठी न काढता त्या महिन्याची रक्कम न्यायची आणि जमेल तशी फेडायची. खूण करायची नाही, नाव विचारायचे नाही. बाकीच्या दहा जणींना इतकेच कळे की, आपल्यापैकी कोणावर तरी वेळ आली आहे. हे सारे तिने मला नीट समजावून सांगितले होते. मी ऐकून घेतले, आणि मुक्कामी परतून माझ्या वळणदार अक्षरात लिहिले : 'हिशेब देण्यास नकार. अपहाराचा संशय. बेकायदा व्यवहार बंद करून शिल्लक नोंदणीकृत पेढीत जमा करविली.' बायकांना मी सांगितले की, तेथे तुमचा पैसा कायद्याच्या आसऱ्याला राहील. त्या पेढीचे दप्तर टापटिपीचे होते म्हणून मी 'समाधानकारक' म्हटले. पुढे लढाईच्या दिवसांत ती मोडीत निघाली. पंचांनी आपापसांत कर्जे वाटून घेतली होती आणि बायकांच्या हाती एक आणाही परत आला नाही. ज्या भिंतीवर मी अविश्वास दाखविला तिच्यातून मात्र कधी एक पैसा गळाला नव्हता.

हे मी पत्नीला त्या रात्री प्रथमच सांगितले. तिने ऐकून घेतले आणि ती म्हणाली, "अहो, आपल्या आळीतही भिशी आहे. पंधरा वर्षे मी तिच्यात आहे."

"मला कधी बोलली नाहीस!"

"तुम्ही तपासनीस ना," असे म्हणून ती दूध उतू जाते का ते पाहण्यास उठली.

सातारा

मिरजेहून निघणाऱ्या गाडीचे वर्णन करण्याजोगे काही नाही. साताऱ्यास उतरलो तेव्हा अजिंक्यताऱ्यावर धुके होते आणि हवेत आमच्या सांगलीला ठाऊक नसलेला कोरडा गारठा होता. कचेरीत माझ्या जागी आता एक तरुण अधिकारी आहेत. मी गेल्यावर ते उठून उभे राहिले, चहा मागविला, जुने दप्तर काढून माझ्यापुढे उघडून ठेवले. शेरा होता तसा होता. शाई जरासुद्धा फिकी पडली नव्हती.

"नानासाहेब, दोन मार्ग आहेत," ते म्हणाले. "त्या महिन्याची रक्कम जिने नेली तिचे नाव आणि अंगठा आणा. म्हणजे हिशेब पुरा होईल आणि शेरा आपोआप पुसला जाईल."

"आणि दुसरा?"

ते थोडे अवघडले. "शेरा चौकशी न करता लिहिला, असे आपण स्वतः लिहून द्यायचे. पण मग आपल्या त्या वर्षीच्या साऱ्या तपासण्या पुन्हा काढाव्या लागतील. त्या कामगिरीवरच आपल्याला बढती मिळाली होती ना? आपले निवृत्तिवेतन त्या बढतीवर बसविलेले आहे." मग हलक्या आवाजात म्हणाले, "अंगठाच आणा तुम्ही. नऊ वर्षे झाली. आता सांगेल ती."

मला ते पटले. पटले याचीच आज अधिक लाज वाटते. प्रायश्चित्तासाठी म्हणून घरून निघालो होतो, आणि साताऱ्यातच असा मार्ग धरला की, माझ्या चुकीची किंमत पुन्हा त्या गावच्या एखाद्या बाईनेच द्यावी. कचेरीतून मी अंगठ्यासाठी शाईची गादी मागून घेतली. मोती चौकात एक शेर कंदी पेढे घेतले.

कोरेगाव ते दहिवडी

पेट्रोल अजून मोकळे झालेले नाही. त्यामुळे कोरेगावाहून पुढे जाणारी सर्व्हिस मोटार कोळशाच्या वायूवर चालते. तिच्या पाठीशी पाण्याच्या बंबासारखी एक भट्टी बसविलेली असते. सपाटीवर ती बरी पळते; चढ आला की धापा टाकू लागते. पुसेगावाच्या पुढे एका चढावर ती अगदीच थांबली.

"आवं काका, उतरा जरा खाली," ड्रायव्हर मला म्हणाला. "गाडी जेवाय बसलीया."

सगळे उतरले. किन्नर, म्हणजे ड्रायव्हरच्या हाताखालचा पोरगा, भट्टीत कोळसे टाकू लागला. घोंगडी पांघरलेल्या एका मेंढक्याने विचारले, "कोळशाला बी रेशनचं कारड काढावं लागतंय का रं गड्या?"

"तर! तिचं कारड मोठं हाय. तुज्यापरास जास्त खाती ती."

"मग तिला माज्या मेंढरागत हाकाय पायजे," असे म्हणत मेंढक्या मागून रेटू लागला. मलाही स्वस्थ बसवेना. मी हात लावला तो नेमका भट्टीच्या बाजूला. धोतराचा सोगा काळा झाला आणि तळहात पोळला. "काकांनी हिसका दिला म्हून चढली," ड्रायव्हर गाडीत बसल्यावर सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाला, आणि दहिवडी येईपर्यंत मला खिडकीजवळची जागा मिळाली.

त्या खिडकीतून जो देश दिसला तो मी पूर्वी पाहिला होता असे म्हणवत नाही. त्या वेळी मी कागद वाचीत गेलो होतो. कोरेगावापर्यंत विहिरी, ऊस, हरभरा. पुढे हळूहळू हिरवे कमी होत जाते आणि माळ सुरू होतो : तांबूस, खडकाळ, मधून बोरी-बाभळी, आणि दगडांमध्ये दगडासारखीच दिसणारी मेंढरे. आम्ही कृष्णाकाठची माणसे दारात सडा घालताना घागर उपडी करतो. येथे रस्त्याकडेच्या एका घरापुढे बाई तांब्यातले पाणी हातावर घेऊन शिंपडीत होती. धूळ बसेल इतकेच, त्याहून एक थेंब अधिक नाही.

गावात

दहिवडीहून पुढे सहा मैल बैलगाडी. हवालदार स्वतः घेऊन आले होते. पायाने किंचित लंगडतात, बोलतात मात्र कवायतीच्या मैदानावर असल्यासारखे. "सायेब, टायम शार्ट हाय," हे त्यांचे पहिले वाक्य. त्यांच्या घरी बाजरीची भाकरी आणि हुलग्याचे माडगे असे जेवण झाले. हुलगे भरडून, शिजवून, लसूण-मिरचीची फोडणी दिलेले हे दाट कढण थंडीच्या दिवसांत पोटात गेले की कानशिले गरम होतात. आमच्याकडे हुलगे बैलांना घालतात, हे मी बोललो नाही. दोन वाट्या मागून घेतल्या.

तिसऱ्या प्रहरी हवालदार आणि त्यांच्या पत्नीबरोबर तानूबाईच्या घरी गेलो. पन्नाशीची, उंच, सुकलेली बाई. उंबऱ्याच्या आत बसून लोकर पिंजीत होती. ओळख द्यावी लागली नाही. मी पेढ्यांचा पुडा पुढे ठेवला.

तिने पुड्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. "पेढं कशाचं म्हनायचं ह्ये? पोरगं झालं का काय सायेबास्नी?"

हवालदारांना हसू आवरेना. आनंदाची वार्ता असल्याशिवाय आपल्याकडे कोणी पेढे देत नाही, आणि माझ्यापाशी तशी वार्ता नव्हती.

"आदी कागुद हुं द्या," ती म्हणाली, "मग पेढं." आणि पुडा उचलून माझ्या मांडीवर ठेवला.

आत नजर गेली तेव्हा भिंत दिसली. अकरा घरांची आता सतरा झाली होती, आणि शेवटच्या ओळीतला गेरू ओला असावा इतका ताजा होता.

"ही भिशी... अजून?"

"बंद कवा पडली हुती? तुमी गेलासा त्याच म्हयन्यात पुन्ना सुरू क्येली." ती पिंजण खाली ठेवून म्हणाली, "लिवा की. कागुद आणला आसंलच."

मी मान खाली घातली. ज्या बाईला मी चोर ठरविले तिच्याच हाती, सारे बुडाल्यावरही, त्या बायकांनी पुन्हा रुपये ठेवले होते. माझ्या कायद्याच्या आसऱ्याला त्यांपैकी एकही पुन्हा आली नव्हती.

मग मी कचेरीतील बोलणे सांगितले. म्हणजे पहिलाच मार्ग सांगितला, दुसरा गाळला. "तानूबाई, एक नाव सांगा. मी ते कचेरीबाहेर जाऊ देणार नाही. तुमच्यावरचा डाग जाईल, बाकीच्या बायकांना सभासद होता येईल."

"आन् ती?"

"तिला काही होणार नाही."

"सायेब," ती शांतपणे म्हणाली, "तवाबी तुमी आसंच म्हनला हुता. पैशाला काय हुनार न्हाई म्हनून."

हवालदार मध्ये पडले. "आवं आक्का, एका नावाचा सवाल हाय! सोळा बायांचं काम अडलंय तुमच्यापायी."

"अडूं दे. उद्या हिच्यावर वेळ आली," तिने हवालदारांच्या पत्नीकडे बोट केले, "तर ती कुनाकडं येनार रं? तुज्या पेढीत येऊन चार पंचांम्होरं सांगंल व्हय?"

हवालदारांची पत्नी पदर ओठांवर धरून दुसरीकडे पाहू लागली. तानूबाईने पुन्हा पिंजण उचलले. आमची भेट तेथे संपली.

माणगंगेच्या पात्रात

दुसऱ्या दिवशी सकाळी मुखमार्जनासाठी नदीवर गेलो. नदी म्हणायची, पण पौषाच्या तोंडाशी तिच्यात फक्त वाळू असते. वाळूत कमरेइतके खड्डे खणतात, त्यांना झिरे म्हणतात. तळाशी पाणी पाझरून येते, ते करवंटीने भरायचे. एक घागर भरण्यास आमच्याकडे पूजा आटोपेल इतका वेळ लागतो. तेवढा वेळ बाई झिऱ्यात बसून असते. वरून फक्त डोके दिसते.

मी एका झिऱ्याजवळून जात असता आतून आवाज आला. "सायेब, हितं आनिक कोन न्हाई न्हवं?"

"नाही."

"त्यो म्हयना माजा हुता."

मी वाळूत बसलो. ती झिऱ्यातून वर आली नाही. करवंटीने पाणी भरीतच बोलत राहिली. तिने मला कारण सांगितले. ते कारण येथे येणार नाही. चोरी नव्हती, चैन नव्हती, आणि ते उघड झाले असते तर त्या दिवशीच तिचे घर मोडले असते, आजही मोडेल. इतके सांगणेसुद्धा बहुधा जास्तच आहे.

"आंगठा घ्या," ती म्हणाली. "तानाक्काला कळायच्या आत घ्या. लय वर्सं तिनं माजं वज्जं व्हायलं."

गादीची डबी माझ्या कोटाच्या खिशातच होती. मी ती काढली. उघडलीही. त्या क्षणी माझ्या मनात त्या बाईचे घर नव्हते; माझे निवृत्तिवेतन होते. शाई सुकली होती. मी बोट दाबून पाहिले तर कोरडे निघाले.

"पानी घाला की थेंबभर," असे म्हणत तिने करवंटी वर केली. अर्धी घटका वाट पाहून तळाशी जेमतेम साचलेले ते पाणी, तिने माझ्या गादीसाठी पुढे धरले.

ते पाणी मला घेववले नाही. यात धैर्य काही नव्हते. नऊ वर्षांपूर्वी त्या गावाने दिले ते सारे मी नि:शंकपणे घेतले होते. त्या सकाळी तेवढा एक थेंब घेता आला नाही, इतकेच. मी डबी मिटली.

"शेरा मी लिहिला, बाई. तुमचा अंगठा कशाला?"

करवंटीतले पाणी तिने घागरीत ओतले. "मी आले हुते त्ये तानाक्काला सांगू नगा," म्हणाली.

चावडीपुढे

त्याच दिवशी दुपारी चावडीपुढे बसून मी दुसऱ्या मार्गाचा कागद लिहिला. हवालदारांनी बायकांनाही बोलाविले होते. त्या एका बाजूला, लिंबाच्या सावलीत उभ्या राहिल्या. पुरुषांपुढे बायकांच्या कामाचा कागद वाचण्याची ती त्या चावडीची पहिलीच वेळ असावी. मी वाचले : 'तानूबाई यांच्या नावापुढील शेरा मी चौकशी न करता लिहिला. त्यांनी मला भिशीची रीत समजावून सांगितली होती. ती रीत कायद्याच्या पुस्तकात नव्हती, म्हणून मी तिला चोरी म्हटले. तानूबाईंनी कोणाचा पैसा घेतलेला नाही. चूक माझी आहे.'

लिंबाखालून एक म्हातारी कडाडली, "आनिक एक लिवा! आमचं पैसं त्या पेढीत कुनी घालाय लावलं हुतं?"

"गप गं म्हातारे," कोणी पुरुष म्हणाला.

"का गप? लिवनाऱ्याचा हात काय दुखतोय व्हय?"

तिचे खरे होते. मी तेही लिहिले : 'बायकांची शिल्लक बुडालेल्या पेढीत माझ्या हुकुमाने गेली. त्या पेढीचे दप्तर मी समाधानकारक ठरविले होते.' हवालदारांनी खाली साक्ष घातली. कागदाच्या दोन प्रती केल्या, एक कचेरीसाठी आणि एक तानूबाईंसाठी. पुढचे आताच सांगून टाकतो. साताऱ्याला शेरा रद्द झाला, संक्रांतीच्या आत सतरा अर्ज पोचले. माझ्या निवृत्तिवेतनाची चौकशी चालू आहे, आणि तिच्याविषयी मला तक्रार नाही.

त्या दुपारी मला वाटले होते की, तानूबाई आता पेढे घेईल. तिने कागद घेतला, उलटसुलट पाहिला, घडी करून कनवटीला लावला.

"झकास झाला," ती म्हणाली. "पर ज्याला वाचून दावायचा त्यो ऱ्हायला न्हाई."

तिला एकच भाऊ होता. कोरेगावाजवळच्या गावचा, पलटणीत शिपाई. शेऱ्याची बातमी त्याच्या कानी गेली तेव्हा तो रजेवर धावत आला आणि म्हणाला, नाव सांग, मी चावडीवर उभा राहून बोलतो. तिने त्यालाही नाव सांगितले नाही. तो पाणीसुद्धा न पिता गेला. त्यानंतरच्या भाऊबिजेला आला नाही. मग लढाई लागली, आणि इटलीतून त्याच्या घरी कागद आला.

हे तिने चार-पाच वाक्यांत सांगितले. माझ्या फेऱ्याला नऊ वर्षे लागली होती. तोच मी पाच वर्षांत केला असता तर?

"आनिक एक नक्कल करा, सायेब," ती म्हणाली. "जाता जाता माज्या भावजयीला वाचून दावा. वाटंवरच हाय. आन् ते पेढं बी तिलाच द्या."

परतीच्या वाटेवर

भावाचे घर कोरेगावापासून दोन मैलांवर, उसाच्या फडाला लागून आहे. विधवा भावजय चाळिशीची असावी. कोणाकडून आलो ते सांगताच तिने घोंगडी अंथरली, पाण्याचा तांब्या आणून ठेवला. मी कागद वाचला. ती खांबाला टेकून उभी होती.

"पुन्यांदा वाचा," ती म्हणाली.

मी पुन्हा वाचले.

"आनिक एकदा. ते शेवटचं तेवढं."

'चूक माझी आहे,' एवढे मी तिसऱ्यांदा वाचले. पहिल्या वेळी चावडीवर माझा आवाज कापला होता. या वेळी कापला नाही. तेथे आवाज कापण्याचाही मला अधिकार उरला नव्हता.

तिने पेढ्यांचा पुडा घेतला, पण उघडला नाही. "ह्येंचा सोभाव तापट," ती बोलू लागली. "सख्ख्या भावाला सांगत न्हाई म्हंजे खाल्लंच आसंल, म्हनले. नंतर रजंवर दोनदा आले, तिकडं गेले न्हाईत. शेवटच्या खेपंला टेसनावर गाडी हालली, तवा खिडकीतनं म्हनले, लढाईस्नं आलो की आदी वन्संकडं जाऊ. मी म्हनलं, आत्ताच जायचं हुतं की. गाडी गेली."

ती आत गेली आणि भाकरी-पिठल्याचे ताट घेऊन आली. मी नको म्हणालो. तिने ऐकले नाही. जेवू लागलो तेव्हा समोर बसत तिने विचारले, "वन्संनी नाव सांगितलं का शेवटाला?"

"नाही."

"तुमास्नी ठावं हाय का?"

आयुष्यभर मी लोकांकडून उत्तरे घेतली. कोठे गेले, कोणी नेले, किती उरले. आणि जो सांगणार नाही त्याच्या नावापुढे शेरा मारला. त्या बाईला ते नाव मागण्याचा माझ्यापेक्षा फार मोठा हक्क होता. त्या नावापायी तिच्या घरचा माणूस बहिणीला न भेटता गेला होता.

"नाही," मी म्हणालो.

ती माझ्याकडे पाहत राहिली. मला नजर वर करवेना.

"बरं," ती म्हणाली. "म्हंजे आता तुमीबी वन्संच्यातलंच झालासा."

आणि तिने माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.